मनाच्या तराजूचा पासंग

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांचे पत्र हाती पडले तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. या व्यासपीठावरून आजवर वकील, डॉक्टर, प्राध्यापक अशी विद्वान मंडळी बोलून गेली. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उतरलेला आणि प्राथमिक शाळेत अडतीस वर्षे खडू झिजविलेला मनुष्य. निवृत्तीनंतर वेळ भरपूर मिळाला, वाचनालय घराजवळ होते, म्हणून शब्दकोश उशाशी ठेवून मानसशास्त्रावरील काही पुस्तके वाचली. ती वाचताना पुनःपुन्हा असे वाटले की, हे लिहिणाऱ्यांनी माझा वर्ग कोठून पाहिला? आज पूर्वग्रहांविषयी बोलण्याचे धाडस करतो ते विद्वत्तेच्या बळावर नव्हे, तर ज्याने स्वतः पुष्कळदा चुकीचे माप घातले अशा माणसाचा कबुलीजबाब म्हणून आपण ते ऐकून घ्यावे.

माझे वडील आठवड्याच्या बाजारात मिरची आणि कडधान्याचे दुकान मांडीत. पथारी अंथरून, पोती उघडून झाली की पहिल्या गिऱ्हाइकापूर्वी ते तागडी हातात उचलून धरीत. दोन्ही पारडी रिकामी. दांडी आडवी स्थिर राहिली तर ठीक. एखादे पारडे वर गेले तर त्यात चिंचोका किंवा बारीक खडा टाकून ते दांडी सारखी करून घेत. तागडीचा हा जो मुळातला कमीअधिकपणा, त्याला पासंग म्हणतात, हे येथील वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. मला नवल वाटे ते याचे की, दुपारी मध्येच ते पुन्हा रिकामी तागडी उचलून पाहत. मी एकदा विचारले, "दादा, सकाळी पाहिला होता ना पासंग?" ते म्हणाले, "सकाळची तागडी सकाळी. आता दोरी घामाने भिजली आहे."

पूर्वग्रह म्हणजे मनाच्या तराजूचा पासंग, अशी मी माझ्यापुरती व्याख्या केली आहे. माल चांगला असतो, वजनांवर सरकारी शिक्का असतो, तोलणारा सज्जन असतो आणि तरीही माप चुकते. कारण माल घालण्यापूर्वीच दांडी एका अंगास झुकलेली असते. पूर्वग्रह हा दुष्टांचा दुर्गुण आहे अशी आपली समजूत असते, म्हणून आपण तो स्वतःत शोधीतच नाही. वस्तुतः तो सज्जनांतही तितकाच नांदतो, आणि तेथे तो अधिक सुखाने नांदतो, कारण तेथे त्याची झडती कोणी घेत नाही.

मनाने झटकन अनुमान काढावे ही निसर्गाचीच योजना आहे. अंधारात वेटोळे दिसले की आपण आधी मागे सरतो आणि दोरी आहे की सर्प हे मागून पाहतो. तसे न करणारे आपले पूर्वज फार काळ जगले नसावेत. स्वयंपाकघरातही आपण हेच करतो. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण तेथे अक्षरशः खरी आहे. कारण सगळा तांदूळ एका पातेल्यात, एका पाण्यात, एका आचेवर शिजलेला असतो. चूक होते ती ही म्हण स्वयंपाकघरातून उचलून माणसांच्या राज्यात आणली म्हणजे. एका गावचा, एका जातीचा, एका भाषेचा मनुष्य भेटला, त्याने आपल्याला फसविले, आणि आपण सारे पातेले खाली उतरवून मोकळे झालो. माणसे अशी एका पातेल्यात शिजत नसतात.

आता जी गोष्ट सांगतो ती मी आजवर माझ्या पत्नीखेरीज कोणास सांगितलेली नाही. १९८४ साल असेल. एका तालुक्याच्या गावी मी सहावीच्या वर्गास होतो. कोल्हापूर-पन्हाळ्याची सहल ठरली होती आणि माणशी पंधरा रुपये मी गोळा करीत होतो. मधल्या सुटीनंतर पाहतो तो तीन मुलांचे मिळून ४५ रुपये कमी. माझा पगार तेव्हा बेताचा होता, आणि पैशापेक्षाही मुख्याध्यापकांस काय सांगावे याची चिंता मोठी होती. मी दार लावून घेतले आणि तीन मुलांना उभे केले. त्या तिघांनाच का, हा प्रश्न त्या क्षणी मला पडला नाही. तिघेही ओढ्यापलीकडच्या पालांवरून शाळेत येत असत. दोघांची दप्तरे मी तपासली. तिसऱ्याचे दप्तर मी स्वतः हातात घेऊन जमिनीवर उपडे केले. त्यातून दोन वह्या, पेन्सिलीचा एक तुकडा आणि फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी पडली. भाकरीतील मिरचीचा ठेचा वहीला लागला. मुलगा काही बोलला नाही. त्याने वही सदऱ्याला पुसली, सगळे पुन्हा भरले आणि तो जागेवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी दोघे आले, तिसरा आला नाही. चौथ्या दिवशी हजेरीपटाचे फाटलेले वेष्टन चिकटविताना त्याच्या आतून ते ४५ रुपये निघाले. मीच ते तेथे ठेवले होते. संध्याकाळी मी ओढ्यापलीकडे गेलो, तो पाले उठलेली होती. चुलीचे दगड तेवढे राहिले होते. परत येताना मनाने मला जे समाधान दिले ते ऐकण्याजोगे आहे. ते म्हणाले, "हे लोक भटकेच. आज ना उद्या जाणारच होते." म्हणजे एका पूर्वग्रहाने केलेली जखम झाकावयास दुसरा पूर्वग्रह तत्परतेने धावून आला. वर्गात मी इतकेच सांगितले की पैसे सापडले. कोठे सापडले हे सांगितले नाही. त्या दोघा मुलांची क्षमाही मागितली नाही. या गोष्टीस चाळीस वर्षे होऊन गेली.

मी त्या तिघांनाच उभे केले ही बुद्धी काही माझ्या एकट्याच्या डोक्यात उपजलेली नव्हती. तिच्यामागे फार मोठी परंपरा होती आणि तिला एकेकाळी कायद्याचा शिक्का होता. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानातील काही प्रांतांपुरता होता. १९११ साली त्याची कक्षा सर्व ब्रिटिश हिंदुस्थानावर पसरविण्यात आली आणि १९२४ साली तो पुन्हा नव्याने मांडण्यात आला. या कायद्याचा गाभा असा की, गुन्हा कोणी केला हे शोधण्याची गरज नाही. एखादी जमातच्या जमात गुन्हेगार म्हणून सरकारने जाहीर करावयाची आणि त्या जमातीत जन्मणे एवढेच पुरेसे. मग नावांची नोंद, बोटांचे ठसे, ठरलेल्या वेळी हजेरी, आणि गाव सोडावयाचे तर परवाना. काहींना कुंपणाच्या आतील वसाहतींत ठेवीत. मुलांना आईबापांपासून वेगळे करून शाळावजा संस्थांत ठेवण्याचीही तरतूद त्यात होती. आपल्या सोलापुरास अशी एक मोठी वसाहत होती. तिच्या जागी असलेल्या वस्तीला लोक आजही सेटलमेंट याच नावाने ओळखतात.

हा कायदा स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि त्या जमातींस विमुक्त हे नाव मिळाले. परंतु कायदा राजपत्रातून निघतो तितक्या लवकर तो मनातून निघत नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे आपल्यापैकी वाचकांस ठाऊक असेल. एका जमातीस चोरीवरूनच नाव पडावे आणि तिच्यात जन्मलेल्या बालकास ते जन्मभर वागवावे लागावे, हा काय प्रकार आहे तो त्या पुस्तकाच्या नावातच दिसतो. कायदा रद्द झाल्यावर बत्तीस वर्षांनी, तो मोडला तेव्हा ज्याचा जन्मही झाला नव्हता असा एक सहावीचा शिक्षक दार लावून तीन मुलांची झडती घेत होता. माझ्या हातातील त्या पटालाही हजेरीपटच म्हणतात, ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या ध्यानी आली.

आपण म्हणाल, गुरुजी, ती रागाच्या भरात झालेली चूक. शांत डोक्याने बसलेला मनुष्य असे करणार नाही. मलाही तसेच वाटे. म्हणून शांत डोक्याने करावयाच्या एका कामाकडे पाहू. ते म्हणजे उत्तरपत्रिका तपासणे. अमेरिकेत १९१२ साली स्टार्च आणि इलियट या दोघा संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी विषयाच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती काढून त्या निरनिराळ्या शाळांतील शिक्षकांकडे तपासावयास पाठविल्या. १४२ शिक्षकांनी गुण देऊन त्या परत केल्या. पत्रिका तीच, प्रश्न तेच, उत्तरे तीच. शंभरपैकी एका पत्रिकेस ६४ पासून ९८ पर्यंत गुण मिळाले, आणि दुसरीस ५० पासून ९७ पर्यंत. हे वाचले त्या रात्री मला नीट झोप आली नाही. अडतीस वर्षांत माझ्या हातून किती हजार पत्रिका गेल्या असतील!

मग मी आठवू लागलो. गठ्ठ्याच्या आरंभी एखादी उत्तम पत्रिका आली की तिच्या मागच्या मध्यम पत्रिका मला फिक्या वाटत. जेवणापूर्वी तपासलेल्या आणि जेवणानंतर तपासलेल्या पत्रिकांत फरक पडे, असे माझी पत्नी थट्टेने म्हणे. ती थट्टा नव्हती. परंतु सर्वांत मोठा पासंग हस्ताक्षराचा आणि नावाचा. पहिल्या पानावर वळणदार अक्षर दिसले की पुढच्या चुका मला नजरचूक वाटत, आणि अक्षर गिचमिड असेल तर बरोबर उत्तरही कोणाचे तरी पाहून लिहिलेले वाटे. थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालील माणसांविषयी दिलेले अभिप्राय तपासून हेच दाखविले होते. ज्याची शरीरयष्टी चांगली, त्यालाच बुद्धी, नेतृत्व आणि शील यांतही वरचे गुण पडत. एका गुणाचा उजेड बाकीच्या साऱ्यांवर पडतो, आणि एका उणिवेची सावलीही तशीच पडते.

यापुढची पायरी अधिक गंभीर आहे. पूर्वग्रह नुसता चुकीचे मोजत नाही. कधीकधी तो मोजावयाची वस्तूच बदलून टाकतो. रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत केलेला प्रयोग १९६८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांनी शिक्षकांस सांगितले की, आम्ही घेतलेल्या चाचणीवरून तुमच्या वर्गातील ही ही मुले यंदा विशेष प्रगती करतील असे दिसते. प्रत्यक्षात ही नावे, सुमारे एकपंचमांश मुलांची, केवळ चिठ्ठ्या टाकावयाच्या पद्धतीने निवडली होती. वर्षाअखेरीस पहिली-दुसरीच्या वर्गांत त्या मुलांची बुद्धिमापनातील वाढ इतरांहून अधिक निघाली. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली, आणि हा परिणाम आरंभी म्हटला गेला त्यापेक्षा लहान असतो असे नंतरच्या संशोधनावरून दिसते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तो परिणाम असतो. "हा हुशार आहे" असे मनात धरलेला शिक्षक त्या मुलाच्या उत्तराची दोन क्षण अधिक वाट पाहतो; "हा ढ आहे" असे धरलेला शिक्षक उत्तर येण्यापूर्वीच पुढच्या बाकाकडे वळतो. वर्षाला अशी दोन-तीनशे वळणे झाली की शिक्षकाचे भाकीत खरे ठरते, आणि तो अभिमानाने म्हणतो, "मी पहिल्याच दिवशी ओळखले होते."

गेल्या दिवाळीत माझ्या नातवाचे मित्र घरी जमले होते. मी त्यांना एक खेळ घातला. तो १९६० साली वेसन नावाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने आपल्या प्रयोगात वापरला होता. मी म्हटले, "२, ४, ६ हे तीन आकडे माझ्या मनातल्या एका नियमाने लिहिले आहेत. तुम्ही असेच तीन-तीन आकडे सांगा. ते नियमात बसतात की नाही हे मी सांगेन. नियमाची खात्री पटली की तो बोला." एकजण म्हणाला, ८, १०, १२. बसतात. २०, २२, २४? बसतात. १००, १०२, १०४? बसतात. मग तो विजयी मुद्रेने म्हणाला, "आजोबा, दोन-दोनने वाढणारे आकडे!" मी म्हटले, चूक. मुले चकित झाली. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या एका मुलीने विचारले, "१, २, ३ चालतील?" चालतील. "५, ९, ७०?" चालतील. "६, ४, २?" नाही. मग तिने सांगितले, "प्रत्येक आकडा मागच्यापेक्षा मोठा, एवढाच नियम." पहिल्या मुलाची बुद्धी कमी नव्हती. त्याने आपली कल्पना खरी ठरविणारीच उदाहरणे विचारली. ती खोटी ठरू शकेल असे एकही विचारले नाही. मुलीने ते विचारले.

आपण सारे दिवसभर त्या मुलासारखेच वागत असतो. अमुक समाजाचे लोक लबाड, ही समजूत एकदा मनात बसली की त्या समाजाचा लबाड मनुष्य आपल्याला दिसतो, लक्षात राहतो, आणि चार ठिकाणी सांगितला जातो, प्रामाणिक मनुष्य भेटला तर आपण म्हणतो, "तो अपवाद." असे वीस अपवाद जमले तरी नियम जागचा हलत नाही! आपल्या ज्ञातीच्या मोबाईलवरील गटात येणारे निरोप मी रोज वाचतो. दुसऱ्या एखाद्या समाजातील तरुणाने आगळीक केली की बातमीत त्याच्या समाजाचे नाव पहिल्या ओळीत असते. आपल्यातल्या कोणी केली तर "एक तरुण" आणि "संगत वाईट लागली". आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हे आपल्या आजीबाईंनी केव्हाच ओळखून ठेवले होते. दुसऱ्याच्या चुकीचे कारण परिस्थितीत न शोधता त्याच्या स्वभावातच शोधावयाचे, या खोडीस १९७७ साली ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने मोठे शास्त्रीय नाव दिले. आजीबाईंचे नाव मला अधिक पसंत आहे.

इतरांचे पासंग आपल्याला चटकन दिसतात. शहरात घर भाड्याने घेण्यास गेलेल्या आपल्यापैकी अनेकांना आडनाव सांगताच "खोली कालच दिली" असे उत्तर मिळाले आहे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच दारावर पाटी तशीच लटकताना पाहिली आहे. त्यावर आपण येथे पुष्कळ बोललो आहोत. आज मी आपल्या घरातील तागडीकडे पाहणार आहे.

आपल्या वधुवर मेळाव्यांत काय बोलणी चालतात? कोकणातली म्हणजे चिकट, घाटावरची म्हणजे आडदांड, मुंबईची म्हणजे शिष्ट, आणि वऱ्हाडातली म्हणजे खर्चिक. आपण हसता आहात; प्रत्येकजण स्वतःचा प्रदेश सोडून बाकीच्या तिहींना हसतो आहे हे मला येथून दिसते. हसण्यावारी गेले तर हरकत नाही, परंतु याच बोलण्यांवर चांगली स्थळे मोडली आहेत, आणि मोडताना कारण दुसरेच सांगितले गेले आहे.

आता शिष्यवृत्तीची गोष्ट. काही वर्षे मी आपल्या शिष्यवृत्ती समितीवर आहे. २०१९ साली मुलाखतीस एक मुलगी आली. दूरच्या खेड्यातून एस.टी.ने पहाटे निघून आलेली. तिला परिचारिकेचे शिक्षण घ्यावयाचे होते. आम्ही विचारले, "गावात आरोग्याची काय सोय आहे?" ती सांगू लागली: "पानी लांबून आनावं लागतं, आनि पावसाळ्यात जुलाबाचं पेशंट लई व्हत्यात." समितीतील दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मी स्वतः, अडतीस वर्षे शुद्धलेखन शिकविलेला शिक्षक, माझ्यापुढील कागदावर लिहिले: "समज बेताची." तिच्यानंतर आलेला मुलगा शहरातला, स्वच्छ बोलणारा. त्याने त्याच प्रश्नास जे उत्तर दिले त्यात एकही माहितीची गोष्ट नव्हती. परंतु प्रत्येक ण आपल्या जागी होता. शिष्यवृत्ती त्यास मिळाली.

वार्षिक अहवालासाठी मी अर्ज पुन्हा चाळले तेव्हा तिची गुणपत्रिका माझ्यापुढे आली. गणितात आणि विज्ञानात ती त्या मुलाच्या पुष्कळ पुढे होती. आणि तिचे ते उत्तर आठवून पाहिले तर त्यात दुखण्याचे कारण होते, ऋतू होता, लक्षण होते. पाण्याचा आणि जुलाबाचा संबंध तिने एका वाक्यात जोडला होता. आम्ही तिची समज मोजीत नव्हतो, आम्ही तिचा न मोजीत होतो. मी समितीस हे सांगितले, पण त्या वर्षाची रक्कम वाटून झाली होती. पुढे तिने आपल्या हिमतीवर शिक्षण पुरे केले असे कळते. आपल्या मंडळास त्याचे श्रेय घेता येणार नाही.

यावर करावयाचे काय? "मनातून पूर्वग्रह काढून टाका" असा उपदेश मी वर्गात बरीच वर्षे केला आणि त्याचा उपयोग झालेला मला दिसला नाही, माझ्यावर तर नाहीच. वडिलांनी कधी असे ठरविले नव्हते की आजपासून माझ्या तागडीस पासंग असणार नाही. ते फक्त माल घालण्यापूर्वी ती रिकामी उचलून पाहत. मनाला हुकूम देऊन भागत नाही. कामाची रीत बदलावी लागते, आणि ती बदलणे फारसे अवघड नाही.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी पत्रिका तपासण्याची पद्धत बदलली होती. पहिल्या पानावरचे नाव दिसू नये म्हणून पाने मागे दुमडून ठेवी. एका मुलाची सबंध पत्रिका न तपासता सर्वांचा पहिला प्रश्न, मग गठ्ठा उलटासुलटा करून सर्वांचा दुसरा प्रश्न, असे करी. म्हणजे पहिल्या उत्तराची सावली दुसऱ्यावर पडत नसे. कोणत्या मुद्द्यास किती गुण हे गठ्ठा सोडण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवी. वेळ दीडपट लागे हे खरे. पहिल्याच वर्षी ज्यास मी काठावरचा समजत होतो असा एक मुलगा वर्गात चौथा आला, आणि मुख्याध्यापकांनी मला विचारले की, गुणांची बेरीज नीट केली आहे ना?

माणसांविषयीच्या पूर्वग्रहास मात्र कागदी उपाय पुरत नाहीत. ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की, नुसते एकमेकांस पाहण्याने मने जुळत नाहीत. बरोबरीच्या नात्याने, एका समान कामासाठी, खांद्याला खांदा लावून राबावे लागते, आणि वरिष्ठांचा त्यास पाठिंबा असावा लागतो. मला याचा अनुभव १९९१ च्या जनगणनेत आला. माझा आणि दुसऱ्या धर्माच्या एका शिक्षकबंधूंचा गट शेजारीशेजारी होता. एकाच शाळेत नऊ वर्षे आम्ही एकमेकांस नमस्कार करीत होतो आणि त्यापलीकडे मला त्यांच्याविषयी काहीही माहीत नव्हते. जे माहीत आहे असे वाटत होते ते सारे ऐकीव. तीन आठवडे दारोदार हिंडलो, एका झाडाखाली डबे सोडले, एकमेकांच्या तक्त्यांच्या बेरजा तपासल्या. त्यांच्या अक्षराने माझ्या तक्त्यातील तीन चुका दुरुस्त झालेल्या आहेत. पुढे माझ्या मुलीच्या लग्नात कोठीची किल्ली त्यांच्या हाती होती.

एका तरुण सभासदाने मला परवा विचारले, "काका, एका ज्ञातीच्या मंडळात पूर्वग्रहावर बोलणे म्हणजे विसंगती नाही का?" प्रश्न योग्य आहे, आणि मी तो टाळणार नाही. आपल्या घरच्या मुलांच्या शिक्षणास हातभार लावणे यात मला वावगे दिसत नाही. प्रत्येक कुटुंब तेच करते. परंतु जेथे जन्मापासून मृत्यूपर्यंतचा सारा व्यवहार आपल्यातल्या आपल्यातच होतो, तेथे दुसऱ्यांविषयी ऐकीव गोष्टी फार लवकर आंबतात. आपले सभागृह वर्षातून तीनशे दिवस रिकामे असते. शेजारच्या वस्तीतील मुलांसाठी तेथे संध्याकाळची अभ्यासिका उघडावी आणि आपल्या मुलांनी त्यांच्याबरोबर तेथे बसावे, अशी सूचना मी लेखी दिलेली आहे. तिच्यावर कार्यकारी मंडळात दोन वेळा चर्चा झाली. सतरंज्या खराब होतील असा एक आक्षेप आला. सतरंज्या मी पाहिल्या. त्या आजही फारशा चांगल्या स्थितीत नाहीत.

शिष्यवृत्तीपुरती माझी सूचना मात्र मान्य झाली आहे, हे सांगण्यास मला आनंद होतो. यंदापासून अर्जावर नाव, गाव व वडिलांचा व्यवसाय हे वेगळ्या चिठ्ठीवर राहील आणि चिटणीस त्या चिठ्ठ्या पाकिटात बंद करून प्रत्येक अर्जास क्रमांक देतील. शैक्षणिक गुणांस किती, आर्थिक गरजेस किती आणि मुलाखतीस किती वजन द्यावयाचे हे अर्ज उघडण्यापूर्वी ठरविले जाईल आणि फलकावर लावले जाईल. मुलाखतीस सर्वांना तेच पाच प्रश्न विचारले जातील. प्रत्येक सभासद आपले गुण दुसऱ्याशी बोलण्यापूर्वी लिहून देईल. कारण अध्यक्षांनी मान हलविली की बाकीच्या माना हलतात, हा आमच्या समितीचाही अनुभव आहे. कोणी "समज बेताची" असा शेरा लिहील तर कोणत्या उत्तरावरून, हे त्याने शेजारच्या रकान्यात लिहावयाचे आहे. तो रकाना माझ्याच आग्रहावरून घातला आहे.

अर्ज येत्या ज्येष्ठ महिन्याच्या अखेरीपर्यंत मंडळाच्या कार्यालयात मिळतील. खेड्यापाड्यांतील ज्या कुटुंबांपर्यंत ही स्मरणिका पोहोचत नाही त्यांना आपण सभासदांनी तोंडी कळवावे. मुलाखतीत मुलांनी घरी बोलतात तसे बोलावे, हेही कळवावे.